पहिली रायफल घेताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा एवढी मजल मारतो म्हटल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरात रायफलीचा विषय निघणारच. तेव्हापासून मुलांना नेमबाजी शिकवणाऱ्या मला पालक एकच प्रश्न विचारत आले आहेत, "मॅडम, पोरासाठी कुठली रायफल घ्यावी?"

प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारणाऱ्या आईबापांची तळमळ मला कळते. पण बहुतेकांच्या मनात दोन समजुती पक्क्या बसलेल्या असतात. रायफल जितकी जोरकस तितकी चांगली, ही पहिली. एकदा रायफल घेतली की मोठा खर्च संपला, ही दुसरी. या दोन समजुतींपायी मी चांगली मुलं खेळातून बाहेर पडताना पाहिली आहेत. म्हणून मी क्रम उलटा करायला सांगते. आधी वर्षभराच्या पेलेटचे, म्हणजे एअर रायफलीच्या छऱ्यांचे, पैसे बाजूला काढा, मग जाकीट, हातमोजा आणि रेंजची फी. त्यातून उरेल त्यात रायफल बसवा. पेलेटच्या एका डबीत ५०० नग येतात. रोज साठ-सत्तर शॉट मारणाऱ्या मुलाला ती आठवडाभर पुरते. रायफल वीस हजारांनी महाग घेतली आणि मग पेलेट पुरवून पुरवून वापरायची वेळ आली, तर त्या रायफलीचा उपयोग काय?

आता जोराबद्दल. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. तो धक्का किती, हे गोळीचं वजन, तिचा वेग आणि रायफलीचं वजन यांवर ठरतं. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेली .३०३ चार किलोंच्या आसपास. तिच्या धक्क्याची ऊर्जा साधारण १६ ज्यूल भरते. एनसीसीत ज्यांनी .२२ डिलक्स रायफल हाताळली आहे आणि २५ यार्डांवर झोपून ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) काढला आहे, त्यांनी अनुभवलेला धक्का याच्या जवळपास शंभरावा हिस्सा होता. दहा मीटरची मॅच एअर रायफल याहूनही कितीतरी सौम्य. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या वेगाने जातो आणि साडेचार किलोंची रायफल जागची जेमतेम हलते. हिशेब केला तर तिथला धक्का ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो.

हा फरक केवळ खांद्याच्या सोसण्याचा नाही. ट्रिगर सुटल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात रायफल जितकी हलेल तितका नेम ढळतो. त्याहून मोठं नुकसान मुलाच्या शरीरात होतं. धक्का आणि आवाज यांची सवय झालेलं अंग शॉट सुटायच्या आधीच दचकायला शिकतं. डोळा मिटतो, खांदा पुढे रेटला जातो, बोट ट्रिगरला हिसका देतं. मुलाला यातलं काही जाणवत नाही. ते पाहायला मी .२२ वर शिकणाऱ्यांची एक परीक्षा घेते. काडतूस मी भरून देते आणि मध्येच न सांगता चेंबरमध्ये झाडलेलं रिकामं काडतूस ठेवते. ट्रिगर ओढल्यावर रायफल स्थिर राहिली तर ठीक. पुढचं टोक खाली डुचकलं तर त्या मुलाला परत एअर रायफलवर नेते. एकदा अंगात मुरलेली ही खोड काढायला, नेम शिकायला लागतो त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पहिल्या रायफलीचा माझा पहिला निकष कमीत कमी धक्का हाच आहे.

इथे एक गफलत होते. एअर रायफल म्हटली की धक्का नाही, असं लोक धरून चालतात. बाजारात स्वस्तात मिळणारी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन याला अपवाद आहे. तिच्या आत जड पिस्टन स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावतो, तेव्हा रायफल मागे येते. पिस्टन टोकाला जाऊन थांबला की ती पुढे झटकते. म्हणजे एका शॉटमध्ये दोन उलटसुलट हिसके. अशी रायफल घट्ट धरली की एक ग्रुप येतो, सैल धरली की दुसरा. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने ३०० एस या रायफलीत यावर सुरेख तोड काढली होती. शॉट सुटताना नळी आणि यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकते आणि नेमबाजापर्यंत हिसका पोहोचतच नाही. त्या जुन्या रायफली जगभरच्या क्लबांत अजून सुरेख ग्रुप देतात. पुढे हवा आधीच दाबून भरलेल्या सिलिंडरच्या रायफली आल्या, ज्यांना आपण पीसीपी म्हणतो, आणि स्प्रिंगचा प्रश्नच मिटला.

गावाकडच्या मुलाने स्प्रिंगच्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) रायफलीवर सुरुवात केली तर मी अडवत नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवर ओपन साइटचे सामने होतात, त्यातून खूप मुलं पुढे येतात. फक्त दोन पथ्यं पाळायला लावते. पेलेट न भरता तिचा ट्रिगर कधीच ओढायचा नाही, कारण पुढे हवेची गादी नसेल तर पिस्टन थेट धातूवर आदळतो. आणि विकत घेताना सगळ्यात जोरदार मॉडेल मागायचं नाही. २० ज्यूलच्या आतल्या ४.५ मिमीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून दुकानदार त्या मर्यादेच्या जवळची रायफल कौतुकाने दाखवतात. दहा मीटरच्या मॅच रायफलीला साडेसात-आठ ज्यूल पुरतात. कागदाला भोक पाडायला आणखी कशाला हवेत? वरची सगळी ऊर्जा धक्का, आवाज आणि स्प्रिंग ओढताना दमणारे हात यांत जाते.

ऐपत असेल तर थेट पीसीपी घ्यावी. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ, स्टायर ही नावं प्रत्येक मोठ्या रेंजवर दिसतात आणि त्यांच्या किमती मध्यमवर्गीय घराला घाम फोडतात. आपल्या ठाणे जिल्ह्यातली प्रिसिहोल आता दहा मीटरसाठी पीसीपी रायफल बनवते. नवशिक्याची पहिली दोन वर्षं निघायला अशी देशी रायफल पुरेशी आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या काळात मुलाचा ग्रुप रायफलीमुळे नाही, त्याच्या स्वतःच्या शरीरामुळे मोठा असतो. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे रायफलीची मर्यादा दिसायला लागायला उभं राहण्याची पद्धत, श्वास आणि ट्रिगर आधी पक्के बसावे लागतात.

जुनी परदेशी रायफल घेणं हा तिसरा रस्ता, आणि चोखंदळपणे घेतली तर सर्वांत किफायतशीर. वरिष्ठ खेळाडू मॉडेल बदलतात तेव्हा उत्तम अवस्थेतली रायफल निम्म्या किमतीत मिळू शकते. पण सिलिंडरवरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दोनशे बार दाबाच्या या सिलिंडरची वापरमुदत बनवल्यापासून दहा वर्षं असते, आणि मोठ्या स्पर्धांत मुदत संपलेलं सिलिंडर तपासणीतच बाद होतं. विकणारे "अजून हवा धरते की" म्हणतात. हवा धरण्याचा इथे संबंध नाही, प्रश्न मुलाच्या गालाशेजारी असलेल्या दोनशे बारचा आहे. नव्या सिलिंडरची किंमत मागितलेल्या किमतीतून वजा करून मगच सौदा करा. हातपंपाने भरत असाल तर आमच्या पावसाळ्यात जास्त जपायला हवं. आषाढ-श्रावणातली ओली हवा पंपातून आत गेली की पाणी साठतं आणि आतून गंज धरतो. पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदलणं हे काम मी पालकांकडे देते.

किमतीपेक्षा मापाकडे बघा, हेही सांगायला हवं. नियमाप्रमाणे एअर रायफल साडेपाच किलोंपर्यंत चालते, आणि मोठ्या माणसाला वजन हवंच असतं, कारण जड रायफल कमी थरथरते. बारा वर्षांच्या बारीक मुलीला ती तशीच दिली तर ती पाठ मागे वाकवून वजन तोलते आणि वर्षभरात कंबर धरते. दस्त्याची लांबी कमी होते का, गालाचा टेकू वरखाली होतो का, वजनाचे तुकडे काढता येतात का, एवढं पाहा. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताचा दस्ता देऊन "होईल सवय" म्हणू नका. आणि मुलाला क्लबच्या रायफलीवर काही महिने खेळवल्याशिवाय काहीच विकत घेऊ नका. तोपर्यंत घ्यायचीच असेल तर नळीत घालायची नारंगी सेफ्टी फ्लॅग घ्या. ती नळीत दिसत नसेल तर माझ्या रेंजवर कोणी रायफल टेबलावरसुद्धा ठेवत नाही.

पेलेटबद्दल थोडक्यात. पुढून सपाट तोंडाचे मॅच पेलेटच घ्या, ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. रायफलीला साधारण ०.५३ ग्रॅमचे चालतात, पिस्तुलासाठी हलके येतात. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे व्यास लिहिलेले असतात. कुठल्या नळीला कुठला मानवतो हे रायफल टेकूवर ठेवून ग्रुप काढूनच कळतं. मानवलेला व्यास आणि बॅच सापडली की शक्य तेवढ्या डब्या एकदम घ्या. शिसं दमट हवेत पांढरं पडतं, तेव्हा डबी घट्ट बंद ठेवा. आणि सराव संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नका. शिसं विषारी आहे, याची आठवण मी रोज करून देते.

मग .२२ ची पाळी येते. अंजली भागवत एनसीसीतून रायफलीकडे वळल्या आणि २००० साली सिडनीत दहा मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद कोल्हापुरात आणलं. त्यामुळे दहा मीटरवर जरा स्थिरावलेल्या प्रत्येक मुलाला ५० मीटर खुणावतं. .२२ ला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, आणि गोळी पेलेटपेक्षा कितीतरी महाग पडते. स्वप्नीलच्या घरी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं सगळ्यांनी वाचलं आहे. म्हणून इथे गोळी निवडण्यात सगळं शहाणपण पणाला लागतं.

पहिली गोष्ट, वेगवान गोळी घेऊ नका. हाय व्हेलॉसिटी काडतूस ध्वनीपेक्षा वेगाने निघतं आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येतं, तिथे गोळी डळमळते. मॅचची चाळीस ग्रेनची गोळी सेकंदाला ३२०-३३० मीटरने, म्हणजे ध्वनीच्या आतच निघते. नव्या मुलांना आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. वाऱ्यात वेगवान गोळी जास्त वाहवत जाते. कारण वाऱ्याचा परिणाम गोळीच्या एकूण प्रवासवेळेवर नाही, वाटेत तिचा वेग किती मरतो यावर ठरतो, आणि ध्वनीपलीकडच्या गोळीचा वेग झपाट्याने मरतो. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर ५० मीटरवर मॅचची गोळी सुमारे दीड सेंटीमीटर सरकते, वेगवान गोळी अडीचच्या आसपास. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट एकसारखेपणाची. .२२ मध्ये ठिणगीचं रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत पसरलेलं असतं. ते कमीजास्त पसरलं की वेग बदलतो. सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सात-आठ मिमी वर किंवा खाली लागते, आणि मुलगा बिचारा स्वतःच्या श्वासात चूक शोधत बसतो. महाग डबीत तुम्ही या फरकाच्या कमीपणाचे पैसे देता. तरी एली टेनेक्स किंवा आरडब्ल्यूएस आर-५० चाही प्रत्येक लॉट प्रत्येक नळीला मानवत नाही. मोठे खेळाडू म्हणूनच इंग्लंडमध्ये एलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या केंद्रावर जातात, नळी पकडीत बसवतात आणि लॉटमागून लॉट तपासून हवा तो घेऊन येतात. आपल्याला ते परवडत नाही. पण क्लबातल्या चार-पाच परवानाधारकांनी वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी आणली आणि प्रत्येकाने आपापल्या नळीतून दहा-दहाचे ग्रुप झोपून काढले, तरी पुष्कळ कळतं. एकाला न मानवलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीत अप्रतिम चालल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. सरावासाठी एसके स्टँडर्ड प्लस माझ्या पसंतीची. शोनेबेकच्याच कारखान्यातली, किमतीने सौम्य, आणि वर्षभर इमानाने चालणारी.

सराव एका गोळीवर आणि स्पर्धा दुसऱ्या गोळीवर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक ब्रँडच्या गोळीचं वंगण वेगळं असतं. बदल केला की नळीला ते लागेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरकटतात, त्या टार्गेटवर मोजायच्या नाहीत. झीरोही, म्हणजे साइटची बसवलेली जुळणीही, सरकते. स्पर्धेच्या आठवड्यात मी मुलांना सरावाची डबी बंद करायला लावते, आणि दोन गोळ्यांमधला फरक उजवीकडे किती क्लिक, वर किती क्लिक, असा तारखेसह वहीत लिहून घेते.