फट किती धरलीस?

‘मुलगी काय करते?’ २००६ साली हा प्रश्न आमच्या घरी दर रविवारी यायचा. कधी फोनवरून, कधी पोह्यांच्या बशीसोबत. आईचं उत्तर ठरलेलं, ‘‘पुण्याला कॉम्प्युटरवर असते.’’ समोरचे एकदम खूश! कॉम्प्युटर म्हणजे आयटी, आयटी म्हणजे ऑनसाइट, ऑनसाइट म्हणजे डॉलर. मग मी तोंड उघडायचे आणि सगळा घोळ व्हायचा. कारण मी आयटीत नव्हतेच. मी टर्बोमशिनरीत होते. आजही आहे.

थोडक्यात सांगते, बोअर नाही करणार. फिरणारी पाती आणि त्यांतून जाणारी हवा, पाणी किंवा वाफ, एवढंच आमचं जग. विहिरीवरचा पंप, वीजकेंद्रातली टर्बाइन, विमानाचं जेट इंजिन, सगळी एकाच खानदानातली. जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यावर येणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. पात्याच्या आतून त्यामानाने थंड हवा खेळवतात, म्हणून ते टिकतं. आता अशा ठिकाणी आत डोकावणार कोण? म्हणून सीएफडी, अर्थात कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स. हवेच्या वाटेचे लाखो बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात समीकरणं सोडवायची आणि शेवटी स्क्रीनवर लाल-पिवळी-निळी रंगपंचमी!

या विषयाचा एक भक्कम खांब आपल्या माणसाने उभा केलाय बरं का. सुहास पाटणकर. १९६२ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, मग आयआयटी मुंबई, मग लंडनचं इम्पीरियल कॉलेज. ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी १९७२ साली ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. त्यांचं १९८० सालचं पुस्तक माझ्या टेबलावर अजून आहे, कव्हर फाटलेलं. ज्या शहरात मी मेसच्या आमटीला नावं ठेवत होते, तिथूनच हा माणूस निघाला, या विचाराने मला तेव्हा सॉलिड हुरूप यायचा.

तर २००६ चा पावसाळा. एका छोट्या गॅस टर्बाइनच्या कॉम्प्रेसरचं पातं माझ्याकडे होतं. नव्या डिझाइनची एफिशियन्सी जुन्या पात्याच्या टेस्टपेक्षा चक्क दोन टक्के जास्त आली. सर खूश, मी हवेत. रिपोर्ट गेला. बुधवारी रिव्ह्यू, त्यानंतर पात्यांचं मशिनिंग सुरू. आणि हे काम घेऊन मी जर्मनीला कॉन्फरन्सला जाणार होते. पासपोर्ट आला होता. फोटोत चक्क बरी दिसत होते!

वीकएंडला कोल्हापूर गाठलं. अण्णा तीस वर्षं उद्यमनगरात पंपांचे फिटर. जेवणं झाल्यावर मी ऐटीत लॅपटॉप उघडला. अण्णांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

‘‘रंग झ्याक हायत,’’ म्हणाले. ‘‘पर पातं आन् केसिंगमधी फट किती धरलीयास?’’

‘‘अण्णा, तुमचा पंप नाही हा.’’

‘‘नसंना का. फट वाढली की मोटर नुसती फिरती, पाणी काय चढत न्हाई. आमचा निम्मा दिस तिच्यातच जातोय की.’’

मी हसून झोपायला गेले. झोप कुठली! रात्री दीड वाजता उठून फाइल उघडली. फट होती शून्य. पहिल्या रनला जाळी सोपी व्हावी म्हणून मी ती बंद केली होती. नंतर उघडायची होती. राहूनच गेली.

खरी फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पात्याची उंची चाळीस मिलिमीटर. म्हणजे जेमतेम एक टक्का. पण तेवढ्यातून हवा पात्याच्या जास्त दाबाच्या बाजूकडून कमी दाबाच्या बाजूला निसटते, तिचा भोवरा होतो आणि शेजारच्या प्रवाहाची वाट लावतो. एफिशियन्सीतला टक्का-दोन टक्के सहज जातात. म्हणजे माझं सगळं यशच त्या फटीतून निसटत होतं.

खरं सांगू? परतीच्या बसमध्ये कराडपर्यंत मी वेगळाच हिशेब करत होते. रिपोर्टवर दोन सह्या झाल्यात. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. टेस्टमध्ये आकडा कमी आला तर मशिनिंगला नावं ठेवता येतात, ही आमच्यातली जुनी पळवाट. तोवर मी जर्मनीहून परतही आलेली असेन. मशिनिंगला नावं म्हणजे कुणाला? मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला. अण्णांसारख्याच कुणाला तरी. साताऱ्याला चहासुद्धा घशाखाली उतरला नाही.

सोमवारी नऊ वाजता सरांच्या केबिनमध्ये. ‘‘सर, रिपोर्ट मागे घ्यायचाय.’’

सर ओरडले नाहीत. गप्प बसले, ते जास्त लागलं. मग म्हणाले, ‘‘कुणी पकडलं?’’

‘‘वडिलांनी.’’

‘‘तेही सीएफडीत?’’

‘‘नाही सर, पंप फिटर आहेत.’’

रिव्ह्यू सहा आठवडे पुढे गेला. जर्मनीला दुसरा सहकारी गेला. त्याने पाठवलेलं पोस्टकार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं, सरळ उलटं. नव्या रनमध्ये दोन टक्क्यांचा झाला अर्धा. पात्याचं टोक बदलून, रात्री जागून, तो एकवर आणला. पुढच्या वर्षी टेस्ट झाली. माझा आकडा आणि मोजलेला आकडा यांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. टाळ्याबिळ्या काही वाजल्या नाहीत. मी बाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

‘‘मग, फट किती ठिवली?’’

मी सांगितली. ‘‘बरी हाय,’’ म्हणाले आणि फोन आईकडे दिला. अण्णांकडून ‘बरी हाय’ म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन!

आता तुकडे लाखांत नाही, कोटींत करतो. रंग तर विचारूच नका. ज्युनिअर मुलं चकाचक चित्रं घेऊन येतात आणि रंगांकडे बघायच्या आधीच मी तो एक प्रश्न विचारते. मागे एकाने विचारलं, ‘‘मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?’’

आणि आई? तिनेही उत्तर बदललंय. ‘मुलगी काय करते?’ विचारलं की सांगते, ‘‘वडिलांचंच काम करते. फक्त हात काळे होत नाहीत.’’