आंधळे यंत्र

खर्च कमी करणे आणि खर्च कोठे कमी करावा हे ओळखणे, या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतो. पायातली खडी वाचवून दिवाणखान्याला संगमरवर लावणारे गृहस्थ प्रत्येक गावात एखाददुसरे असतात, आणि त्यांना काटकसरी म्हणावे की उधळे, याचा निर्णय पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोणालाच करता येत नाही. या भेदाचे मर्म मला अर्थशास्त्राच्या एखाद्या ग्रंथात सापडते, तर मी ते अधिक भारदस्त शब्दांत सांगितले असते. परंतु ते मला सापडले शिंदखेड्यात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तेथे गतवर्षी एका जुन्या मिलिंग मशीनला संगणक जोडण्याचा उद्योग चालला होता, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या माणसापाशी असतो तेवढा वेळ माझ्यापाशी होता.

मिलिंग मशीन हे नाव ऐकून ज्यांना पिठाच्या गिरणीची आठवण होईल, त्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार तिला टेकते. मिलिंग मशीनवर याच्या उलट, दातेरी कटर गरगर फिरत असतो आणि टेबलावर आवळून धरलेला धातूचा तुकडा त्याच्याखालून सरकविला जातो. टेबल डावी-उजवीकडे नेणारा एक स्क्रू, पुढे-मागे नेणारा दुसरा, आणि कटरचे डोके वर-खाली करणारा तिसरा. प्रत्येकाला एक हँडल. कारागिराची सारी विद्या या तीन हँडलांपाशी एकवटलेली असते. संगणक जोडावयाचा म्हणजे ही तीन हँडले काढून त्यांच्या जागी तीन मोटरी बसवावयाच्या, आणि मनगटाने जे केले असते ते मोटरींना आकड्यांनी सांगावयाचे. ऐकावयास हे सोपे वाटते. सुनेला हातात पळी देऊन सासूबाईंच्या अंदाजाने आमटी करावयास सांगणेही ऐकावयास सोपेच वाटते.

आमचे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. भोवताली कापूस, मका, हरभरा. तालुक्यातच दोंडाईच्याला मिरचीचा मोठा बाजार. ज्या शेडची ही हकीगत आहे, तेथील मिस्त्री चाळीस वर्षे पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या बुशा, पेरणीयंत्रांची चाके असली कामे करीत आले आहेत. त्यांचा लेथ हरिहरचा. म्हणजे किर्लोस्करांनी १९४१ साली म्हैसूर संस्थानात जो कारखाना काढला, तेथला. माझा भाचा पदविका घेतल्यावर या मिस्त्रींच्या हाताखाली दोन वर्षे राहिला, आणि त्या दोन वर्षांच्या शिलकीतून त्याने नाशिकहून एक जुने, बाकावर मावेल एवढे मिलिंग मशीन आणले. शहरातल्या कोणा हौशी माणसाने छंद म्हणून घेतलेले व छंद ओसरल्यावर विकलेले ते यंत्र होते. पुढच्या जोडणीसाठी माझ्या मेहुण्यांनी एका हंगामाच्या कापसातले चाळीस हजार रुपये मुलाच्या हाती ठेवले, आणि अट घातली की आखाजीपर्यंत यंत्र चालले नाही तर मुकाट्याने सुरतेची नोकरी धरावी. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. शेतावरील सालदाराचे वर्ष त्या दिवशी संपते, तेव्हा मुलाच्या भवितव्यालाही तीच मुदत घालण्यात मेहुण्यांनी रीतीला सोडून काही केले असे म्हणता येणार नाही.

जुन्या यंत्राला नवे डोके बसविणे ही गरिबाची युक्ती आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. या विद्येचा उगमच मुळी असल्या जोडकामात आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत. त्या पात्यांचे वळण अचूक साधावयाचे तर वक्ररेषेवरील बिंदू आकड्यांनी मांडून हत्यार एकेका बिंदूवर न्यावे, ही कल्पना त्यांची. तिचा पाठपुरावा करीत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील मंडळींनी सिनसिनाटीच्या कारखान्यातले एक प्रचलित मिलिंग मशीन घेतले, त्याला शेकडो निर्वात नळ्यांचे नियंत्रक कपाट जोडले, आणि १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून ते चालवून दाखविले. योगायोग असा की, बरोबर पन्नास वर्षांनी, २००२ साली, त्याच संस्थेच्या सहकार्याने संगणकावर चालणाऱ्या लहान यंत्रांची कार्यशाळा महाराष्ट्रातल्या एका खेड्यात उभी राहिली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम तो हाच. माझा भाचा तेथे शिकलेला नाही. पण पाबळला होते तर शिंदखेड्याला का होऊ नये, हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की शेवटी शेवटी मीच ते मेहुण्यांपुढे म्हणू लागलो.

नियंत्रणाचे कपाट आता तळहातावर मावते. इटलीतील इव्हरेया गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनो या पाटीची साधी प्रत सहाशे रुपयांना आली. तिच्यात भरावयाची जीआरबीएल ही आज्ञावली एका नॉर्वेजियन गृहस्थाने २००९ साली लिहून जगाला फुकट दिली आहे. मोटरी स्टेपर जातीच्या. या मोटरीचा धर्म असा की, विजेच्या एका ठोक्यास ती एकच पाऊल टाकते, आणि एका फेऱ्यास दोनशे पावले लागतात. प्रत्येक पावलाचे आणखी आठ भाग ड्रायव्हर नावाची पेटी करते. स्क्रूचा आटा पाच मिलिमीटरचा असेल, तर सोळाशे ठोक्यांना टेबल पाच मिलिमीटर सरकणार, म्हणजे एका मिलिमीटरला तीनशे वीस ठोके. हा हिशेब भाच्याने मला फळ्यावर मांडून दाखविला, तेव्हा आपला विद्यार्थी नसलेल्या मुलाचा अभिमान वाटण्याचा प्रसंग मला प्रथमच आला.

खरी अडचण आकड्यांत नव्हती. ती पितळेच्या नटात होती. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये वापराने पोकळी पडते. हँडल एका दिशेने फिरवीत असताना ती जाणवत नाही. दिशा बदलली की थोडा वेळ हँडल फिरते, पण टेबल हलत नाही. कारखान्यांत याला बॅकलॅश म्हणतात, आमच्या शेडमध्ये नुसते प्ले. डायल गेज लावून पाहिले तेव्हा या यंत्राची ढिलाई एका बाजूस तीन दशांश मिलिमीटर भरली. मिस्त्री याच यंत्रावर महिनाभर उत्तम काम करीत होते आणि त्यांनी या ढिलाईचा कधी उच्चारही केला नव्हता! विचारले तेव्हा ते हसले. ज्या रेषेवर थांबावयाचे तिच्या थोडे मागे जावे आणि मग नेहमी एकाच बाजूने तिच्यावर यावे, म्हणजे पोकळी आपोआप एका अंगाला बसते. हे त्यांचे मनगट चाळीस वर्षे करीत होते. आपण ते करतो, हे त्यांना स्वतःलाही त्या दिवशीच नीट कळले असावे.

मोटरीला हे मनगट नाही. पहिल्या परीक्षेत यंत्राकडून अॅल्युमिनियमच्या पाटीवर एक वर्तुळ कोरून घेतले. ते दुरून गोल दिसले, पण बोट फिरविताच कळले की घड्याळातले बारा, तीन, सहा आणि नऊ जेथे असतात त्या चार जागी ते चपटे आहे. ज्या ज्या जागी एखाद्या स्क्रूची दिशा उलटते, त्या त्या जागी तो पोकळीत क्षणभर अडखळतो, आणि अडखळल्याची खूण धातूवर उमटते. काही आज्ञावल्या ही ढिलाई हिशेबात धरून तेवढे ठोके जादा देतात. फुकटची आज्ञावली मात्र तशी सोय देत नाही. शिवाय कटर ज्या दिशेने ओढतो त्याच दिशेने टेबल न्यावे लागले, तर तो कटर त्या पोकळीतून टेबलाला हिसका देऊन आपल्याकडे खेचतो. तेथे जादा ठोके काय करणार?

येथे काटकसरीची कसोटी लागली. यावर उपाय बॉल स्क्रूचा; त्याच्या नटात पोलादी छर्रे फिरत असतात आणि ढिलाई जवळजवळ नसते. तिन्ही स्क्रू बदलले असते तर पैसे संपले असते. एकही न बदलता मोटरी अधिक ताकदीच्या घ्याव्या असे एका दुकानदाराने सुचविले होते. भाच्याने दोन बदलले आणि तिसरा, वर-खाली करणारा, जुनाच ठेवला. मला ही चालढकल वाटली, म्हणून मी कारण विचारले. उत्तर मिस्त्रींनी दिले. कटरचे डोके जड आहे. ते आपल्याच भाराने सदैव खाली दाबत असते, तेव्हा त्या स्क्रूची पोकळी नेहमी एकाच अंगाला मिटलेली राहते. पृथ्वी जे काम फुकट करते त्याचे पैसे कशाला द्यावयाचे? आणखी एक कारण त्यांच्या मनात होते. बॉल स्क्रू इतका सहज फिरतो की मोटरीतील वीज जाताच जड डोके त्याला उलट फिरवीत खाली येऊ शकते. जुना घट्ट आट्याचा स्क्रू आपल्या जागी अडून राहतो. ज्या गावात वीज न सांगता जाते, तेथे हे अडून राहणे म्हणजे कामावरचा तुकडा, कटर आणि प्रसंगी कोणाचा तरी हात वाचणे आहे. वाचलेले पैसे अर्थिंगच्या खड्ड्यात गेले, हे मी शब्दशः सांगतो. कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डा केला, कारण जुन्या अर्थिंगवर शेजारचे वेल्डिंग सुरू झाले की आमचे यंत्र टेबल टोकाला पोचले असे समजून मध्येच थांबत असे.

तथापि मिस्त्रींचे मन या यंत्रावर बसले नव्हते. एके दिवशी पोलादाच्या तुकड्यात कटर अंमळ खोल गेला, मोटरीला तो ओढवेना, तिची काही पावले चुकली. यंत्र थांबले नाही. आपण जेथे आहोत असे त्याला वाटत होते तेथून त्याने पुढचे सारे काम शांतपणे आणि चुकीच्या जागी पुरे केले. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "येले डोया नहीत, गुरुजी." याला डोळे नाहीत. आणि ते अक्षरशः खरे होते. मोठ्या कारखान्यांतील यंत्रांना मोटरीच्या पाठीशी एन्कोडर नावाचा डोळा असतो. हुकूम दिल्यावर तो पाळला गेला की नाही हे तो पाहतो. आमच्या यंत्राला हुकूम तेवढा ठाऊक. असे डोळे आता बाजारात मिळतात, पण चाळीस हजारांत ते बसत नव्हते. तेव्हा त्यांच्या जागी मिस्त्रींचे कान आले. पाऊल चुकण्यापूर्वी मोटरीचा सूर बदलतो, तो त्यांना कळे. ते हात वर करीत आणि भाचा वेग उतरवून ठेवी. कोणत्या धातूत, कोणत्या कटरला, किती खोली आणि किती वेग सोसतो, याची एक वही अशी तयार झाली. अक्षर भाच्याचे आहे, पण तिच्यातला एकही आकडा त्याचा नाही.

या वहीविषयी मला जे वाटते ते येथे सांगितले पाहिजे. यंत्राने कारागिराची भाकरी हिरावली, असे रडगाणे गाणारा मी नव्हे. महात्माजींनीही १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. परंतु मिस्त्रींचा मुलगा पुण्याला मालाची ने-आण करणाऱ्या कचेरीत आहे आणि हँडलाला हात लावणार नाही. जे ज्ञान मिस्त्रींबरोबर जावयाचे होते, ते त्या वहीत राहिले, याचा आनंद मानावा की जे चाळीस वर्षांत कमावले ते एका हिवाळ्यात उतरवून घेता आले, याचा विषाद मानावा, हे मला ठरविता येत नाही. मिस्त्रींनी वही कधी उघडून पाहिली नाही. मात्र ती रात्री शेडमध्ये राहू नये, उंदीर फार आहेत, असे त्यांनी दोनदा बजावले.

आखाजीला अकरा दिवस उरले असताना पहिले पैशाचे काम आले. एका शेतकऱ्याला टोकणयंत्राची बियाण्याची चकती हवी होती. विकत मिळालेल्या चकतीची छिद्रे त्याच्या मक्याच्या दाण्याला मोठी पडत, आणि एका जागी दोन-दोन दाणे गळत. नायलॉनच्या पाटीतून कडेने समान अंतरावर लहान खाचा असलेली नवी चकती कापावयाची. हाताने हे काम म्हणजे भाग पाडून खुणा करण्यातच अर्धा दिवस. यंत्राला आकडे एकदा सांगण्यात भाच्याची एक संध्याकाळ गेली, आणि चकती वीस-बावीस मिनिटांत उतरली. शेतकऱ्याने दाणे आणलेच होते. खाचेत एकेक दाणा बसवून पाहत त्याने चकती फिरविली आणि किती झाले, असे विचारले.

मिस्त्री म्हणाले, अर्धा दिवसाची मजुरी. भाचा म्हणाला, बावीस मिनिटांचे जे होतील ते. नाहीतर लोक सुरतेहून मागवतील. मिस्त्रींचे म्हणणे, चकती तीच आहे, मग दाम कमी का? भाच्याचे म्हणणे, दुसरी चकती करावयास पुन्हा संध्याकाळ लागणार नाही. दोघेही माझ्याकडे पाहू लागले, आणि शेतकरीही. पहिल्या चकतीचे मिस्त्रींनी सांगितले तेवढे घेतले. दुसरीचे, जी त्याने आपल्या भावासाठी मागितली, भाच्याने सांगितले तेवढे. आता रब्बीसाठी हरभऱ्याच्या चकत्या विचारावयास तीन जण येऊन गेले आहेत. सुरतेच्या नोकरीची गोष्ट मेहुण्यांनी पुन्हा काढलेली नाही. दर मात्र अजून ठरावयाचा आहे.