डोक्यात वादळ, तोंडात मूग

‘चला, अकरा वाजता ब्रेनस्टॉर्मिंग!’ असं कुणी म्हटलं की ऑफिसात माणसांचे सरळ दोन गट पडतात. एका गटाला कधी एकदा अकरा वाजतात असं होतं. दुसऱ्या गटाला अचानक डेंटिस्टची अपॉइंटमेंट आठवते. मी दुसऱ्या गटातली!

जाहिरातीच्या धंद्यात असून? हो, असूनच. मी कॉपीरायटर. पण पहिली दोन वर्षं एका एजन्सीच्या काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये मी नुसती मान डोलावत बसायचे. चित्र ठरलेलं. पांढरा बोर्ड, चार मार्कर (त्यातला एकच चालणारा), गार झालेले सामोसे आणि टेबलाच्या टोकाला बॉस. ‘कुठलीच आयडिया वाईट नसते’ असं तो म्हणायचा आणि पहिली आयडिया आली की एक भुवई वर करायचा. संपलं! त्या एका भुवईनं निम्मी खोली मूग गिळून बसायची.

माझी आणखी एक अडचण. मीटिंग चालायची इंग्रजीत आणि मला सुचायचं मराठीत. विषय साबणाचा असला की माझ्या डोळ्यांपुढे आजीकडचा तांब्याचा बंब, त्याचा धूर, दिवाळीतलं उटणं. हे सगळं इंग्रजीत जुळवेपर्यंत गाडी दोन स्टेशनं पुढे. संध्याकाळी लोकलमध्ये मात्र अख्खं कॅम्पेन सुचायचं. पण तिथे ऐकणार कोण? वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला, ‘मीटिंगमध्ये बोलत नाही, काँट्रिब्यूशन कमी.’ पगारवाढ अडली ती अडलीच, पण त्याहून वाईट म्हणजे मला ते खरंच वाटायला लागलं. आपल्याला काही सुचतच नाही, आपण या धंद्यातल्या नव्हेच. बी.एड.चे फॉर्म कधी निघतात याची चौकशीसुद्धा करून झाली होती!

त्याच दिवसांत रागारागानं शोधायला बसले, की हे ब्रेनस्टॉर्मिंग नावाचं खूळ काढलं कुणी? तर आमच्याच धंद्यातल्या माणसानं. ॲलेक्स ऑसबर्न. ‘बीबीडीओ’ या अमेरिकी एजन्सीच्या नावातला शेवटचा ‘ओ’ तो हाच. १९३९ च्या सुमाराला त्यानं एजन्सीत अशा बैठका सुरू केल्या आणि १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकामुळे त्या जगभर पोचल्या. त्याचे नियम चार. टीका आत्ता नको, नंतर. कल्पना जितकी अचाट तितकी बरी. जितक्या जास्त तितक्या चांगल्या. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्या. त्याचा दावा होता, की एकट्यापेक्षा गटात माणसाला दुप्पट कल्पना सुचतात.

गंमत पुढेच आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं गेलं. चार जणांचा गट एकीकडे आणि एकेकटे बसून विचार करणारे चौघे दुसरीकडे. एकेकट्यांच्या याद्या एकत्र केल्या, तर त्यांच्याच कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या! पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या संशोधकांनी त्याचं मोठं कारण दाखवलं. ते अगदी साधं आहे. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपला नंबर येण्याची वाट बघतात आणि तेवढ्यात हातातली कल्पना निसटते. थोडक्यात काय, तर माझं डोकं ठीक होतं. रांग मोठी होती!

यावर जर्मनीत साठच्या दशकाच्या अखेरीला एक तोडगा निघाला होता. नाव ‘सहा-तीन-पाच’. सहा माणसं, प्रत्येकानं तीन कल्पना, पाच मिनिटांत, कागदावर. मग कागद शेजाऱ्याकडे. त्यानं आधीचं वाचून त्यात आपल्या तीन लिहायच्या. अर्ध्या तासात एकशे आठ! आणि या सगळ्यात बोलायचं म्हणून नाही.

नोकरी बदलल्यावर नव्या ऑफिसात हा प्रकार मी करून पाहिला. भाषेची अट काढून टाकली. ज्याला जशी सुचेल तशी लिहा. विषय होता प्रेशर कुकर. आमच्या स्टुडिओतला एक मुलगा, जो मीटिंगमध्ये कधी ‘हं’च्या पुढे गेला नव्हता, त्यानं लिहिलं, ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.’ बाहेर निघालेल्या प्रत्येक आईचं दारातलं वाक्य! कागद पुढे सरकला. दुसऱ्यानं खाली लिहिलं, ‘बाबा पेपर बाजूला ठेवून शिट्ट्या मोजताहेत.’ तिसरीनं लिहिलं, ‘आणि मोजल्या शेजारच्या कुकरच्या!’ वाचताना खोलीत जो हशा पिकला, तो आधीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये मी ऐकला नव्हता. क्लायंटनं तीच आयडिया उचलली. प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर त्या मुलाचं नाव घालायचा हट्ट मी धरला. का, ते मलाच ठाऊक!

म्हणजे गप्पा मारूच नयेत असं नाही. उलट एकमेकांच्या कल्पनेवर चढवलेला मजला हीच तर गटाची खरी मजा. कॉलेजात एकांकिकेच्या तालमीत आम्ही तेच करायचो. कुणी म्हणालं ‘मी पोस्टमन’, की दुसरा ‘का?’ असं न विचारता पत्रासाठी हात पुढे करायचा. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी एकेकट्यानं लिहायचं, मग सगळ्यांनी मिळून वाढवायचं आणि निवडानिवड सगळ्यांत शेवटी, जमलं तर दुसऱ्या दिवशी.

पुढची मीटिंग तुमच्या हातात असेल तर पहिली दहा मिनिटं सगळ्यांना गप्प बसवा आणि कोरे कागद वाटा. बॉसलाही एक द्या. लिहिताना मान खाली असते, त्यामुळे भुवई कुणाला दिसत नाही!