आधी घोड्याला

घोड्याच्या घामात मीठ फार. माणसाला घाम आला की पाणी जास्त जातं, मीठ त्या मानाने मागे राहतं. रक्तातला खारटपणा वाढतो, घसा कोरडा पडतो आणि आपण पाणी मागतो. घोड्याच्या घामाबरोबर मीठही भरभरून वाहून जातं. रक्तातला खारटपणा वाढतच नाही, त्यामुळे अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलं तरी त्याला तहान जाणवेलच असं नाही. भरलेल्या बादलीसमोर तो मान फिरवून उभा राहतो. थरच्या वाळवंटात घोड्याची तहान स्वाराने लक्षात ठेवायची असते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती लगेच सपाट होते का ते बघायचं. हिरडीवर अंगठा दाबून उचलायचा, पांढरा डाग किती लवकर गुलाबी होतो ते बघायचं. कुशीला कान लावून पोटातली गुडगुड ऐकायची. पोट गप्प झालं की काळजीचं कारण. पाणी कमी पडलं की आतडं सुस्तावतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळाने धडधाकट जनावर एका रात्रीत जातं.

ही कुशीला कान लावायची सवय मला वाळवंटाने लावली नाही. ती मिरजेची, आजोबांकडून आलेली. माझे आजोबा टांगा हाकत. मिरज जंक्शनवर गाडी लागली की कर्नाटकातून, कोकणातून आलेले रुग्ण उतरायचे आणि टांग्यांतून मिशन हॉस्पिटलकडे जायचे. दुपारी आजोबा घरी येत ते थेट गोठ्यात. तंग सैल करायचा, साज उतरवायचा, घाम सुकेपर्यंत घोड्याला अंगणात हळूहळू फिरवायचं, मग थोडं पाणी, मग खरारा, मग तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी आणि शेवटी पोटभर पाणी. हे सगळं झाल्याशिवाय त्यांनी स्वतः तांब्याला हात लावलेला मी पाहिला नाही. आजी ताट वाढून बसलेली असायची. ती रागावायची नाही. उलट आम्ही पोरं जेवायची घाई करू लागलो तर म्हणायची, आधी घोड्याला. (दमलेल्या घोड्याला लगेच पाणी नको, ही जुन्या लोकांची समजूत. लांब पल्ल्याच्या शर्यतींवर काम करणारे पशुवैद्य आता सांगतात की वाटेतच थोडं थोडं पाजत राहा. आजोबांना हे पटलं असतं. ते घोड्याकडे बघून मत बदलणारे होते.)

रिक्षा आल्या आणि टांगे गेले. आमच्या गोठ्यात लाकडं भरली. पुढची कितीतरी वर्षं माझ्या आयुष्यात घोडा फक्त वरातीत दिसे. पुण्यात नोकरीला लागल्यावर सकाळी घोड्यावर बसायला शिकले. मांड पक्की झाली, दुडकी जमली, पण खाली उतरलं की कुणीतरी लगाम घेऊन जाई आणि घोड्याचं पुढे काय होतं ते आम्हाला दिसत नसे. मला ते अपुरं वाटायचं. मग एका दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेले. तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी येतात. तिथे मारवाडी घोडे पहिल्यांदा जवळून पाहिले. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. लोक देवमण शोधत होते, पंचकल्याण आहे का ते बघत होते, भोवरे मोजत होते. एक म्हातारा व्यापारी मात्र गिऱ्हाईक सोडून बादली घेऊन निघाला. मी विचारलं तर म्हणाला, यांच्या मुलखात पाणी नाही, म्हणून यांना पाणी पाजायचं आम्ही विसरत नाही. त्या मुलखात घोड्यावरून जायचं मी तिथेच ठरवलं.

आमची वाट नागौरहून फलोदी, पोकरणमार्गे जैसलमेर अशी होती. नागौरजवळ ताऊसरला जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. १७५५ साली नागौरच्या वेढ्यात ते मारले गेले. मराठी माणसाने तिथे उभं राहून काही आठवायचं तर तलवारी आठवाव्यात. माझ्या मनात वेगळंच आलं. दख्खनच्या एवढ्या घोडदळाने या कोरड्या मुलखात महिनोन्‌महिने तळ ठोकला, त्या घोड्यांना रोज पाणी कुणी आणि कुठून पाजलं असेल? चालत्या घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज लागतं. बखरीत घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांची नावं नसतात.

आमचे म्होरके एक वयस्क राठोड. सगळे त्यांना काकोसा म्हणत, मीही तसंच म्हणू लागले. मला मिळालेली घोडी कुमैत, काळ्या आयाळीची, रेवाल चालीची. ही चाल अनेक मारवाडी घोड्यांना जन्मजात असते. पाठ हलत नाही, बसणाऱ्याच्या पोटातलं पाणीही डचमळू नये इतकी संथ, आणि तरी जमीन झपाझप मागे जाते. पण वाळूत ती फारशी उपयोगी नाही. टेकडी चढताना खूर घोट्यापर्यंत रुततो, पायाच्या शिरांवर ताण येतो. उतरताना आपण खाली उतरून लगाम धरून चालायचं. उंदरांच्या बिळांनी पोखरलेल्या जमिनीवरून नजर काढायची नाही. भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोळे घोडीच्या पायांना आणि आपल्या मोज्यांना सारखेच चिकटतात, ते रात्री शेकोटीशी बसून काढायचे. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, त्यातले कितीतरी पायी. मांड्या सोलवटल्या, ओठ फुटले, पहाटे थंडीने बोटांना तंगाचं बक्कल उघडेना. हे सगळं सोसवतं, कारण सोसणारे आपण असतो. घोडी एका संध्याकाळी बादलीला तोंड लावेना, ते मात्र सोसवलं नाही.

त्या दिवशी खोल विहिरीचं पाणी मिळालं होतं. थरमध्ये पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचं साठवलेलं ते पालर, खोल विहिरीचं ते पाताळ, आणि वाळूखालच्या खडूच्या किंवा जिप्समच्या थरावर अडकलेली ओल अरुंद कुईंत थेंबथेंब जमते ते रेजाणी. अनुपम मिश्रांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात मी हे वाचलं होतं. समोरचं पाणी कुठल्या जातीचं ते घोडीने एका हुंगण्यात ठरवलं. पाताळपाणी बहुतेक ठिकाणी खारं. ती ओठ लावायची, मान झटकायची आणि माझ्या बाहीला नाक पुसायची. काकोसांनी तिची हिरडी दाबून पाहिली आणि काही न बोलता अंधारात ढाणीकडे निघाले. मी मागोमाग.

ढाणी म्हणजे चार-पाच घरांची वस्ती. अंगणाबाहेर सारवून गुळगुळीत केलेली उतरती जमीन, मधोमध गोल झाकणाचं टाकं आणि झाकणाला कुलूप. या उताराला आगोर म्हणतात. त्यावर चपला घालून जायचं नाही, गुरं चारायची नाहीत, कारण पावसाळ्यात पडेल तेवढं पाणी त्याच्यावरून टाक्यात जाणार आणि पुढच्या पावसापर्यंत घर ते पिणार. त्या घरच्या बाईंनी आमची नावं विचारली नाहीत. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दोर सोडला. घोडी बादलीत नाक बुडवून प्यायली. गळ्यातून उतरणारा एकेक घोट मला हाताला जाणवत होता. तळाशी उरलेलं, लाळ मिसळलेलं पाणी त्यांनी शेळ्यांना घातलं, शेळ्यांनी टाकलेलं बोरीच्या झुडपाला. मी पैसे पुढे केले तेव्हा त्या पदर सावरून हसल्या आणि काकोसा ओशाळून दुसरीकडे बघू लागले. मग मला म्हणाले, बाईसा, जनावराच्या पाण्याचे पैसे कुणी घेत नाही.

त्या रात्री माझ्या मनातला वाळवंटाचा नकाशाच बदलला. आपण वाळवंट पार करतो असं म्हणतो. घोडा ते पार करूच शकत नाही. उंटासारखा तो दिवसेंदिवस तहान सोसू शकत नाही. तो एका साठवलेल्या पावसाकडून दुसऱ्या साठवलेल्या पावसाकडे जातो, आणि मधल्या अंतराला आपण प्रवास म्हणतो. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे ते बऱ्याच अंशी याच साठवणीमुळे. आणि ही साठवण बंद केली की मोठ्यांतल्या मोठ्यालाही पुढे जाता येत नाही. १५४२ साली परागंदा हुमायून याच मुलखातून उमरकोटकडे निघाला तेव्हा वाटेतल्या विहिरी वाळूने बुजवलेल्या होत्या. त्याच्या गरोदर बेगमेला, हमीदाला, बसायला दिलेला घोडा एका सरदाराने परत मागितला; बादशहाने आपला घोडा तिला दिला. हे लिहून ठेवणारा जौहर हा बादशहाच्या हातावर पाणी घालणारा सेवक. विहिरींची गोष्ट त्याने लिहावी हे मला फार योग्य वाटतं.

फलोदीच्या बाजूला आमची वाट सारखी तारेच्या कुंपणाला अडू लागली. भडला इथे २,२४५ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प आहे, आणि आसपास अशी कुंपणं वाढतच आहेत. याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. ऊन एवढं, तेव्हा वीज तिथेच बनणार हे मला कळतं. आपल्या घरातला पंखाही कुठल्यातरी उन्हावरच फिरणार आहे. पण ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं गायरान, कुंपणात गेलं की त्यातली नाडी, म्हणजे पावसाच्या पाण्याचं तळं, तीही जाते, तिच्याकडे जाणारी गुरांची पायवाटही जाते. विजेच्या तारांना धडकून गोडावण मरतात. आपल्या नान्नजच्या माळरानावरचा माळढोक तो हाच. काकोसा प्रत्येक कुंपणापाशी थांबून जुनी वाट हाताने दाखवायचे: इथून सरळ गेलं की एक बेरी होती, गोड पाण्याची छोटी विहीर. आम्ही वळसा घालून जायचो आणि त्या दिवशी घोड्यांचं एक पाणी चुकायचं. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

वाटेतल्या रामदेवऱ्याला भाविक रामदेवजी या देवाला कापडाचे घोडे वाहतात. दुकानांतून पांढरे, लाल, जरीकाठी घोडे ओळीने टांगलेले. रामदेवजींनी लहानपणी कापडाचा घोडा हट्टाने मागितला आणि त्यांनी मांड टाकताच तो जिवंत झाला, अशी कथा आहे. देवळाबाहेर आमच्या घोड्यांभोवती बघता बघता गर्दी जमली. एका बाईंनी घोडीच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या मुलाच्या कपाळाला लावला आणि तिथल्याच नळावरून तांब्या भरून आणला. घोडीने तो एका घोटात संपवला. मुलगा परत धावला. त्याने आणखी किती तांबे आणले ते मोजायला मी थांबले नाही, मीही बादली घेऊन त्याच्या मागे रांगेत उभी राहिले.

जैसलमेरमध्ये पोचलो तेव्हा घडसीसरवर पर्यटकांच्या होड्या फिरत होत्या. हे तळं शतकानुशतकं या शहराची तहान भागवत होतं. आम्ही शहराबाहेर एका वाड्याच्या आवारात खोगिरं उतरवली. नळाला औषधाचा वास होता आणि घोडीने पुन्हा मान फिरवली. आमच्याबरोबरच्या सईसाने खिशातून गुळाचा खडा काढून पाण्यात विरघळवला. पहिल्या मुक्कामापासून तो रोज एका पाण्यात गूळ घालत आला होता, म्हणजे परक्या पाण्यालाही ओळखीची चव येते. घोडी प्यायली. घोडे दुसऱ्या दिवशी ट्रकने नागौरला परत जायचे होते. पाठी खराऱ्याने घासून, पाय थंड पाण्याने धुऊन, ट्रकमध्ये वाळू अंथरून झाल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, वाटेत यांना पाणी कुठे पाजणार?

“फलोदीच्या अलीकडे, बाईसा. तिथे माझी मावशी राहते. तिला फोन केलाय, टाकं उघडून ठेवते म्हणालीय.”