अस्वल, पेंग्विन आणि सहावीचा वर्ग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मुलांना थंडी समजावायची कशी, या प्रश्नाने नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी गोंधळून गेले. बाहेर पारा चाळिशीपार, पत्र्याखाली वर्ग तापलेला, आणि फळ्यावर मी लिहितेय: अंटार्क्टिका, व्होस्तोक केंद्र, २१ जुलै १९८३, उणे ८९.२ अंश सेल्सिअस. मुलांनी आकडा मुकाट उतरवून घेतला. ‘उणे’ त्यांना गणितापुरतं ठाऊक.

अस्वल मात्र ओळखीचं. ताडोबाचं जंगल जवळ. मोहफुलं वेचताना अस्वल समोर आल्याच्या हकिकती घरोघरी. म्हणून ध्रुवीय अस्वलच आधी घेतलं. त्याची कातडी काळी असते आणि पांढरे दिसणारे केस खरं तर पारदर्शक, आतून पोकळ असतात, हे ऐकून वर्ग सावरून बसला. ते आपल्या अस्वलासारखं वारुळं फोडत नाही. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येईल म्हणून तासन्‌तास दबा धरतं. लगेच मागच्या रांगेतून आलं, ‘‘मॅडम, मंग ते पेंग्विनले काऊन नाही खात?’’ पृथ्वीगोल फिरवला. अस्वल उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर, अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिणेला, समुद्राने वेढलेल्या खंडाच्या काठाला. गाठ पडणार कशी?

थंडीचा प्रश्न गोळेवाल्याकडच्या बर्फाने सोडवला. घमेल्यात पाणी आणि बर्फ. एका पिशवीत वनस्पती तूप, त्यात दुसरी पिशवी, तिच्यात एक हात. दुसरा हात नुसत्या पिशवीत. नुसता हात चटकन बाहेर येई, तुपाआडचा बुडून राही. सीलच्या कातडीखाली काय असेल, हे मुलांनीच सांगितलं. माझ्या मते हा प्रयोग पाठाच्या आधीच करायला हवा. आकड्यांना अर्थ त्यानंतर येतो.

अडले ते सम्राट पेंग्विनपाशी. ऐन हिवाळ्यात नर दोन महिन्यांहून अधिक काळ एकुलतं अंडं पायांवर धरून उभा राहतो. जोडी जमवण्यापासून धरला तर त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा. ‘‘माय कुठी गेली मंग?’’ समुद्रात, पोट भरायला. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास ती परतते, मग तो जातो. वर्गातल्या काहींचे आईवडील तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात गेलेले होते. हजारोंच्या गर्दीत तिला आपलं माणूस सापडतं कसं, हे त्यांनीच विचारलं. हाकेवरून, प्रत्येकाची हाक वेगळी असते, असं म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं.

मग एकीने विचारलं, ‘‘अन्‌ खालचा बर्फच फुटला तर?’’

तास संपला म्हणून मी तेवढ्यापुरती सुटले, पण उत्तर मला माहीत आहे. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच फुटला आणि तिथल्या पाचपैकी चार वसाहतींमधली पिल्लं जवळपास सगळी गेली असावीत, असं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दिसलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे सांगावं का, यावर मी बरीच घुटमळले. पण प्रश्न तिचा आहे, आणि तो नेमका आहे, तेव्हा सांगणारच. सोबत हेही सांगेन की बर्फ दगा देऊ लागला की या पेंग्विनांच्या वसाहती कधी कधी जागा बदलतात. ती पुढे विचारेल, ‘‘कुठी जातात?’’ त्यासाठी अंटार्क्टिकाचा मोठा नकाशा मी आजपासूनच शोधायला घेतलाय.