झीज

गच्चीला लागून असलेल्या लहान खोलीत जी सायकल उभी आहे, ती मुळात माझी नव्हे, मुलाची. बेंगळुरूच्या दक्षिणेला तुरहळ्ळीच्या जंगलात दगडाधोंड्यांच्या वाटा आहेत. रविवारी पहाटे तो तिथे जाई आणि तांबड्या मातीने माखून परत येई. तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त तो परदेशी गेला आणि सायकल माझ्याकडे राहिली. खोलीच्या भिंतीवर त्याने पेन्सिलीने केलेल्या नोंदीही राहिल्या: तारीख, आणि तिच्यापुढे चेनचे माप. त्या नोंदींचा अर्थ त्याला विचारावा असे मला कधी वाटले नाही. निवृत्तीनंतर मी सकाळी सायकल बाहेर काढू लागलो. चाक फिरते, ब्रेक लागतो, एवढे मला पुरेसे होते.

सायकलविषयीचे माझे ज्ञान बेळगावातले. वडील शाळामास्तर होते. टिळकवाडीहून खडेबाजारपर्यंत त्यांची काळी सायकल सगळ्यांच्या ओळखीची होती. तिची चेन सैल झाली की ती झाकणावर खडखडत असे. मग मागच्या चाकाचे नट सैल करून चाक थोडे मागे ओढायचे. तेवढीही जागा उरली नाही की दुकानदार चेनची एक कडी काढून टाकी. अशा रीतीने एकच चेन त्यांनी किती वर्षे वापरली, याची गणती नाही. ‘टाकून द्यायला अक्कल लागत नाही,’ असे ते म्हणत. आमच्या घरात हे वाक्य जवळजवळ धर्मवचनच होते.

या वचनाला अनुसरून मी मुलाच्या सायकलीची चेन तीन वर्षे बदलली नाही. केवळ काटकसर हे कारण होते असे मात्र म्हणता येणार नाही. त्या सायकलीवर त्याच्या पायांचा जोर पडलेला होता. तिचा एखादा भाग काढून टाकणे म्हणजे त्याचेच काहीतरी घरातून बाहेर काढणे, अशी एक भाबडी समजूत मनात होती. अखेर चेन कुरकुरू लागली, तेव्हा मी जयनगरमधील एका दुकानात गेलो. कारागिराने मागच्या दातेरी चक्रांवरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, ‘हल्लु सवेदिदे, सर.’ दात झिजले आहेत. चेनबरोबर चक्रांचा संचही बदलावा, असे त्याचे मत पडले. संचाची किंमत चेनच्या दुपटीहून अधिक होती. मी म्हणालो, नुसती चेन घाला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मुकाट्याने चेन घातली.

चौथ्या दिवशी कनकपुरा रस्त्यावर सारक्कीच्या सिग्नलला थांबलो होतो. हिरवा दिवा लागताच पेडलवर उभा राहून जोर दिला, आणि नवी चेन जुन्या दातांवरून सटकून पुढे उडाली. पायाखालचे पेडल एकदम निसटले, छाती हँडलवर आदळली आणि मी रस्त्यावर पडलो. मागच्या बसचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून हे लिहितो आहे.

त्या रात्री मुलाचा फोन आला. सारे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘बाबा, भिंतीवर सगळे लिहून ठेवले होते मी.’

मग त्यानेच मला ते गणित समजावून दिले. चेनच्या एका खिळीपासून दुसऱ्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये आजच्या धर्तीची रोलर चेन सिद्ध केली, आणि सायकलीच्या बाबतीत हे अर्ध्या इंचाचे माप आजही कायम आहे. म्हणून नव्या चेनच्या चोवीस कड्या पट्टीवर मांडल्या तर बरोबर बारा इंच भरतात. चेन ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो. वास्तविक पोलाद ताणले जात नाही. तेलात मिसळलेली धूळ आणि माती सांध्यात शिरते, खिळी आणि कडी एकमेकींना घासतात आणि प्रत्येक सांधा केसाएवढा सैल होतो. बारा इंचांत अर्धे सूत वाढले, म्हणजे एक षोडशांश इंच, की चेन बदलावी. अकरा चक्रांच्या अरुंद चेनला तर त्याहून जास्त सवलत मुळीच देऊ नये. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात, तर लांबलेली चेन दातांच्या वरच्या भागावर चढून बसते आणि त्यांना आपल्या मापाने कोरून काढते. दाते एका अंगाने खोलगट आणि वाकलेले होतात. जुन्या चेनचे आणि त्यांचे जमते, कारण दोघांची झीज एकमेकांना अनुरूप असते. नवी चेन मात्र तिथे बसू शकत नाही. जोर पडताच ती वर चढते आणि सटकते. पुढच्या मोठ्या चक्राला दाते अधिक असल्यामुळे भार वाटला जातो आणि ते पुष्कळ काळ टिकते.

जुनी चेन मी मोजली. बारा इंचांवर सुतापेक्षा अधिक. भिंतीवरील नोंदीत मात्र अर्ध्या सुताच्या पुढे एकही आकडा नव्हता. प्रत्येक वेळी मुलाने वेळीच चेन बदलली होती, आणि तीन चेन होऊनही चक्रांचा संच शाबूत राहिला होता. काटकसर त्याने केली होती, मी नव्हे.

मग वडील चुकले होते काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या सायकलीला एकच गिअर होता, चेन रुंद होती, आणि झीज झाली की ती खडखडून सांगत असे. या सायकलीत मागे स्प्रिंगचा एक हात असतो. चेन जितकी सैल होईल तितकी तो मुकाट्याने ओढून धरतो, म्हणून झीज ना डोळ्यांना दिसत, ना कानांना ऐकू येत. ती मोजावीच लागते. वडिलांचे वचन त्यांच्या यंत्राला धरून होते. मी ते दुसऱ्याच यंत्राला लावले. वाङ्मयाच्या प्रांतातही एका काळाची मोजपट्टी दुसऱ्या काळाला लावून आपण किती कृतींना झोडपले असेल, हा विचार त्या वेळी मनात आल्याशिवाय राहिला नाही.

मराठीत झिजणे हा गौरवाचा शब्द आहे. चंदनासारखे झिजावे, असे आपण थोरांविषयी म्हणतो. परंतु चंदन सहाणेवर झिजते तेव्हा गंध देते. चेन झिजते तेव्हा सोबतच्याला झिजवते. जुने सोडवत नाही म्हणून ते जपणाऱ्या माणसाने हा फरक ओळखायला हवा होता. मुलाची आठवण म्हणून मी जी चेन ठेवली, तिनेच त्याने जपलेली चक्रे खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच कारागिराकडे गेलो. त्याने जुना संच उतरवून नवा बसवला. मागच्या प्रसंगाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. घरी आल्यावर पट्टी घेतली, चेन मोजली, आणि मुलाच्या शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीने तारीख घालून लिहिले: नवी चेन, नवा संच, १२ इंच. त्याचे अक्षर बारीक आणि सरळ आहे. माझे थोडे कापते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मोजतो आणि फोनवर त्याला आकडा कळवतो.