अठ्ठ्यांची जोडी

दिवाळीच्या रात्री चंद्रपूरच्या त्या घरात तीन पत्तीचा डाव बसत असे. पण पैशांवर नव्हे, चिंचोक्यांवर. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे, याची आठवण काकाजी दरवर्षी करून देत आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन स्वतः शेजारी बसत. ते खेळत नसत, केवळ पाहत. माणूस ओळखायचा असेल तर त्याला हरताना पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या वर्षी घरातल्या तरुण पुतण्याने सर्वांना जेरीस आणले. तो पाने उचलून पाहतच नसे. आंधळी चाल खेळायची आणि प्रत्येक फेरीला ती वाढवत न्यायची, एवढेच त्याचे तंत्र. तीन पत्तीच्या रिवाजाप्रमाणे पाने पाहिलेल्या गड्याला आंधळ्याच्या दुप्पट टाकावे लागते, आणि आंधळ्याकडे त्याला शो मागता येत नाही. पुढे जायचे किंवा पाने टाकायची, एवढेच त्याच्या हाती उरते. घरातल्या मधल्या भावाला त्या रात्री तीन वेळा मधली जोडी आली. तिन्ही वेळा पुतण्याने चाल वाढवताच त्याने ती टाकून दिली.

डाव मोडल्यावर काकाजींनी विचारले, “शेवटच्या डावात काय होते तुझ्याकडे?”

“अठ्ठ्यांची जोडी. पण तो फार वाढवत होता.”

“तो तर प्रत्येक डावात वाढवतो. मग त्याच्या वाढवण्यावरून त्याची पाने कशी कळणार?”

काकाजींनी हिशेब मांडला. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांतल्या सुमारे ७४ टक्के हातांत साधी जोडीही नसते. लहान जोड्या धरल्या तर अठ्ठ्यांची जोडी शंभरातील सुमारे ८२ हातांना भारी पडते. पाने पाहून, जपून खेळणारा गडी एकदाच चाल वाढवतो, तेव्हा हीच जोडी टाकणे शहाणपणाचे ठरते. न पाहता वाढवणाऱ्यापुढे मात्र ती धरून ठेवावी. “पान तेच असते, बेटा. समोर कोण बसला आहे, त्यावरून त्याची किंमत ठरते.”

मधला भाऊ गप्प राहिला. त्याला आठवत होते ते दुसरेच पान.

घराचा धंदा तेंदूपत्त्याचा होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी खुटकटाई होते, कोवळी पालवी फुटते आणि मे महिन्याच्या आसपास जेमतेम दोन-तीन आठवडे तोडणी चालते. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक गोणी. लिलाव मात्र त्याच्या आधीच होतो. अजून न फुटलेल्या पानाची बोली लावायची, आणि नंतर एक गारपीट झाली की सारा हिशेब फिरतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधाराने गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आपला पत्ता आता स्वतः विकतात. अशा लिलावांत एक बाहेरचा बोलीदार तीन वर्षे प्रत्येक गटावर झेप घेत होता. मधला भाऊ त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोलीलाच उठून येई. गोदाम ओस पडले होते. दोन पिढ्यांचे विडी-कारखानदार गिऱ्हाईक आता दुसरीकडे चौकशी करू लागले होते.

या खेपेस लिलावाच्या आदल्या रात्री त्याने उलटा हिशेब केला. कारखानदार किती भाव देईल, येथून सुरुवात केली. त्यातून तोडणीची मजुरी, वाळवण, वाहतूक, गोदाम, भांडवलाचे व्याज आणि पावसापाण्याची तूट वजा केली. उरलेला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. काकाजी म्हणाले, “हे तुझे परिग्रह-परिमाण समज. मर्यादा घरी बसून ठरवायची असते; बोलीच्या गर्दीत मन आपले राहत नाही.”

पहिला गट मध्यम प्रतीचा होता. बाहेरच्या बोलीदाराने नेहमीप्रमाणे मोठी उडी घेतली. मधला भाऊ उठला नाही. त्याने उलट उडीही घेतली नाही. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला भेवडावून काय उपयोग? तो थोडे थोडे वाढवत राहिला. चिठ्ठीतला आकडा थोडा दूर असतानाच समोरचा हसला आणि थांबला. गट घराकडे आला.

दुसरा गट अधिक चांगला होता. बोली पाहता पाहता चिठ्ठीच्या पुढे गेली. समोरचा हसतच होता. त्या हसण्याने मधल्या भावाचे कान तापले. क्रोध आणि मान हे कषाय प्रवचनात ऐकताना दूरचे वाटतात. लिलावात ते मांडीला मांडी लावून बसतात. आणखी एक बोली दिली असती तर ती पत्त्यासाठी नसती, त्या हसण्यासाठी असती. त्याने वही मिटली.

१९७१ मध्ये अमेरिकेतील तेल-व्यवसायातल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी एक निरीक्षण मांडले होते. ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकून फुगलेला, त्याच्याच पदरात लिलाव पडण्याचा धोका असतो. पुढे त्याला ‘विजेत्याचा शाप’ हे नाव पडले. घरी हे सांगून मधल्या भावाने स्वतःची समजूत घातली. पण त्या हंगामात गारा पडल्या नाहीत, भाव चढला आणि दुसऱ्या गटावर त्या बोलीदाराने चांगलीच कमाई केली.

सूर्यास्तापूर्वी ताटावर बसताना थोरला भाऊ म्हणाला, “थोडे ताणायला हवे होते.”

“त्याच्या पदरी पडले म्हणून आपला हिशेब चुकीचा ठरत नाही,” काकाजी म्हणाले. “गारा पडल्या असत्या तर फळीवर पुडकी घेऊन उभ्या राहिलेल्या बायांचे पैसे आपण कुठून दिले असते?” थोरल्याने पुढे काही म्हटले नाही. आपल्या गटातील प्रत्येक पुडक्याचे पैसे त्या घराने ठरल्या दिवशी चुकते केले होते.

पुढच्या दिवाळीत पुन्हा चिंचोके निघाले. पुतण्या आंधळा खेळत होता, आणि मधल्या भावाला पुन्हा अठ्ठ्यांची जोडी आली. या वेळी त्याने ती धरून ठेवली. चिंचोक्यांचा ढीग वाढत गेला. अखेर पुतण्यानेच शो मागून पाने उलटली, तर नेमका सिक्वेन्स निघाला. पोरे ओरडली.

“टाकायला हवी होती का रे?” काकाजींनी विचारले.

“नाही,” मधला भाऊ म्हणाला आणि पुढच्या डावासाठी पाने पिसू लागला.